आधी टनेल, मग इंजिन

वापरलेली माउंटन स्लेड, म्हणजे डोंगरातल्या खोल हिमात चालवायची स्नोमोबाइल, बघायला गेलेला माणूस बाजूचं पॅनेल उघडतो, टॉर्च मारतो आणि इंजिनकडे बघत राहतो. विकणाऱ्याला त्याचं काहीच वाटत नाही. इंजिन धुता येतं, नवी पिस्टनं टाकल्याची पावती दाखवता येते आणि दोरी ओढल्यावर ते छान आवाजही करतं. पण स्लेड खरी कशी वापरली गेली, कोणत्या झाडावर आदळली, कोणत्या दगडावरून घसरली, याची नोंद असते टनेलमध्ये. ट्रॅकच्या, म्हणजे हिमावर फिरणाऱ्या रबरी पट्ट्याच्या वर उलट्या पन्हाळीसारखा पसरलेला हा अॅल्युमिनियमचा सांगाडा. ओळख क्रमांक म्हणजे व्हीआयएनसुद्धा त्याच्याच उजव्या अंगावर ठोकलेला असतो. म्हणजे कागदोपत्री बघायला गेलं, तर टनेल हीच स्लेड आहे आणि बाकी सगळे बदलता येण्यासारखे भाग.

इंजिन पैशाने दुरुस्त होतं. वाकलेला सांगाडाही होतो, पण त्यात इतके पैसे आणि इतका खटाटोप जातो की व्यवहाराचा अर्थच उरत नाही. बऱ्याच वर्षांनी डोंगरात परतणाऱ्या माणसाने तपासणी उलट्या टोकाकडून का करायची, ते एवढ्यावरून कळावं.

परतणाऱ्याची अडचण अशी की त्याच्या डोक्यात जुनं यंत्र पक्कं बसलेलं असतं. २००० सालच्या आगेमागे ज्याने चालवणं सोडलं, त्याच्या आठवणीत ७०० सीसीचं कार्ब्युरेटरवालं इंजिन, १४४ इंची ट्रॅक, त्यावरची हिम ढकलणारी दोन इंची रबरी पॅडल्स आणि मागे टेकून बसायची जागा असते. तेव्हाचा खेळही वेगळा होता. उघड्या उतारावर सरळ वर सुटायचं, जिथे दम संपेल तिथे वळायचं आणि कुणाची खूण सर्वांत वर गेली ते खालून बघायचं. मग स्की-डू कंपनीची रेव्ह चासी, म्हणजे नव्या बांधणीचा सांगाडा आला, २००३च्या मॉडेलमध्ये. चालवणारा पुढे सरकला, उभा राहिला. पुढच्या दशकात स्लेड अरुंद झाली, दोन स्कींमधलं अंतर ३६ इंचांच्या आसपास आलं आणि लोक उघडे उतार सोडून झाडांत शिरले. आता कौशल्य उंचीत मोजत नाहीत. स्लेड एका कडेवर धरून, उताराला आडवं, दोन झाडांमधून हवी तशी नेता येते का, ते बघतात. जुन्या सवयीने कुणी ‘माझ्या जुन्या स्लेडसारखीच पण जरा ताकदवान’ शोधू लागला, तर बाजारात ती सापडेल, स्वस्तात सापडेल आणि पहिल्याच दिवशी सोबतच्यांच्या मागे राहील.

गुलमर्गला पर्यटकांना फिरवणाऱ्या स्नोमोबाइल आपल्याकडच्या अनेकांनी पाहिल्या आहेत. त्या दाबलेल्या वाटेवर ये-जा करतात. माउंटन स्लेडची जात निराळी. तिचं काम कमरेएवढ्या भुसभुशीत हिमात तरंगत राहायचं. म्हणून तिची निवड ट्रॅकपासून सुरू होते. १५४ ते १५६ इंची ट्रॅक चपळ, उड्या मारायला आणि वळायला सोपा. १६३ ते १६५ हा मधला आणि बहुतेकांसाठी योग्य. १७४-१७५ खोल हिमात बेफिकीर चढतो, पण अरुंद घळीत वळवताना खांदे भरून येतात. सराव सुटलेल्या माणसाने १६५च्या आसपास राहावं. जास्त लांबीचा एक फायदा कुणी सांगत नाही, तो म्हणजे चूक माफ होते. थ्रॉटल चुकीच्या क्षणी सोडला तरी लांब ट्रॅक लगेच रुतत नाही. पॅडलची उंची अडीच ते तीन इंच. तीन इंची पॅडल पावडरमध्ये उत्तम, पण गोठलेल्या वाटेवर वाकून झिजतात आणि बुंध्याशी फाटतात. घरी ट्रेलर पडून असेल तर टेप घेऊन तोही मोजा. १६५ ट्रॅकची स्लेड जवळपास ११ फूट लांब भरते, जुन्या दहा फुटी ट्रेलरमध्ये ती मावत नाही.

वजनाच्या आकड्यांवर विश्वास ठेवताना एक गणित मांडावं. जाहिरातीतलं वजन कोरडं असतं. ८५० सीसीची १६५ इंची स्लेड कागदावर दोनशे-दोनशे दहा किलोंची, पण टाकीत १० गॅलन पेट्रोल भरलं की २८ किलो वाढले. वर दोन-स्ट्रोकचं तेल, कूलंट, टनेलवरची पिशवी आणि खाली चिकटलेला बर्फ. रुतल्यावर उचलायची असते ती अडीचशे किलोंची वस्तू, कमरेइतक्या हिमात, धाप लागत असताना. चार-स्ट्रोक टर्बो यंत्रं दणकट खरी, पण आणखी जड, आणि याच कारणाने परतणाऱ्याने ती मनातून काढून टाकलेली बरी.

ताकदीचंही तसंच. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं. वायोमिंगमधली टॉगवोटी खिंड साडेनऊ हजार फुटांच्या वर आहे, तिथे १६५ अश्वशक्तीच्या इंजिनाकडून ११५-१२० मिळते. रेव्हलस्टोक मात्र कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात पाचशे मीटरांपेक्षाही खाली वसलेलं गाव. वर चढून गेलं तरी तिथली हवा कोलोरॅडोपेक्षा दाट. २०२०च्या मॉडेलपासून स्की-डूने आणि २०२२पासून पोलारिसने कारखान्यातूनच टर्बो लावलेली दोन-स्ट्रोक इंजिनं आणली, ती ही घट बऱ्याच उंचीपर्यंत भरून काढतात. १० हजार फुटांवर रोज चालवणार असाल तर विचार करा. इतरांनी टर्बो नसलेली ८५० घ्यावी, आणि हलक्या शरीराच्या माणसाला ६०० किंवा ६५०ही भरपूर होते. मागाहून कुणी गॅरेजमध्ये बसवलेला टर्बो कितीही स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. कारखान्याचा टर्बो असला तरी ९१ ऑक्टेनच भरलं होतं का, हे विचारावंच.

आता तपासणी. स्लेडच्या मागे गुडघ्यावर बसा आणि टनेलच्या कडेने नजर सरळ पुढे न्या. दोन्ही कडा समांतर दिसल्या पाहिजेत. लाटेसारखा बाक, आत दबलेला कोपरा किंवा पाय ठेवायची पट्टी वर उचललेली दिसली, तर उडी मारून कुणी तरी जोरात आपटली आहे. मग रिव्हेट बघा. रिव्हेटभोवती काळसर भुकटीचं कडं असेल तर तो सैल होऊन घासतोय. एखाद-दुसरा चालेल, ओळीने पाच-सहा असतील तर तो भाग रोज हलतोय. एखाद्याच ठिकाणचे रिव्हेट नवे, चकचकीत आणि बाकीचे जुने, असं असेल तर तिथे काय झालं होतं ते विचारा. पोलारिसच्या २०११पासूनच्या प्रो-राइड चासीत जोड गोंदाने चिकटवलेले आहेत, काही मॉडेलांत वर कार्बन फायबरचा सांगाडाही आहे. तिथे गावातल्या वेल्डरची कला चालत नाही.

पुढे बल्कहेड, म्हणजे जिथे ए-आर्म, स्कींना धरणारे दांडे, येऊन बसतात तो भाग. बोल्टच्या भोकांजवळ केसासारख्या चिरा शोधा, धूळ पुसूनच शोधा. टेपचं एक टोक टनेलच्या मागच्या कोपऱ्यावर धरून स्कीच्या बोल्टपर्यंत अंतर मोजा, डावीकडून आणि उजवीकडून. अर्ध्या इंचाहून जास्त फरक पडला तर काही तरी वाकलेलं आहेच. हँडल सरळ धरल्यावर दोन्ही स्की सरळ आहेत का? ए-आर्म वाकलेला असेल तर तो एक बदलून काम भागतं. तो ज्याच्यावर बसतो ती जागा वाकली असेल तर तिथूनच परत फिरावं, गाडीत बसावं आणि रस्त्यात कुठे तरी चांगली कॉफी प्यावी.

स्लेडचा मागचा भाग स्टँडवर उचलून ट्रॅक हाताने फिरवा, पूर्ण एक वेढा. फाटलेली पॅडल्स मोजा. दोन-चार कोपरे उडालेले असणं साहजिक, पण मधली सळी तुटून रबरातून डोकावत असेल तर ट्रॅक संपला. नव्या ट्रॅकचा खर्च बसवणुकीसह सहज हजार डॉलरच्या पुढे जातो. तो किमतीतून वजा करायचा आकडा, गप्पांतून सोडून द्यायचा नाही. ट्रॅक ज्यांवरून सरकतो त्या रेल्सखालच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, ज्यांना सगळे हायफॅक्स म्हणतात, झिजेच्या खुणेपर्यंत आल्या आहेत का ते बघा. त्या वेड्यावाकड्या वितळलेल्या दिसल्या, तर एक महत्त्वाची गोष्ट कळते. ही स्लेड कडक वाटेवर, स्क्रॅचर खाली न सोडता पळवलेली आहे.

स्क्रॅचर म्हणजे रेलवर लावलेली स्प्रिंगची काटेरी तार. ती गोठलेल्या वाटेवरून खरवडत हिमाचा भुगा उडवते, तो टनेलच्या आत लावलेल्या कूलरवर पडतो आणि कूलंट थंड होतं. हायफॅक्सलाही त्याच हिमाचं वंगण मिळतं. माउंटन स्लेडचे कूलर वजन वाचवण्यासाठी मुद्दाम तोकडे ठेवलेले असतात, खोल हिमात ते पुरतात. घरी जाताना दहा मैलांची काचेसारखी वाट लागली की नाही पुरत. म्हणून वितळलेला हायफॅक्स दिसला की समजावं, इंजिनही तापलं होतं. टॉर्च घेऊन कूलर पूर्ण बघा: दगडाचे खळगे, ट्रॅक घासल्याच्या रेघा, हिरवट किंवा नारिंगी सुकलेले ओघळ.

क्लच लोक बाहेरून बघतात आणि पुढे जातात. तत्त्व आपल्या गियरलेस स्कूटरचंच, दोन पुली आणि मध्ये बेल्ट, फक्त इथे दीडशेहून जास्त अश्वशक्ती एका रबरी बेल्टमधून जाते. बेल्ट काढून बघा. कडा काचेसारख्या चमकत असतील किंवा एकाच जागी मध्यभागी बारीक झाला असेल, तर चालू करताना तो जागच्या जागी घसरलेला आहे. पुलीच्या तोंडावरून नख फिरवा, खाच लागता कामा नये. दुय्यम पुली दोन्ही हातांनी धरून हलवा. खडखड आली तर जॅकशाफ्टचं, म्हणजे ती पुली ज्यावर बसते त्या दांड्याचं बेअरिंग गेलंय. बेअरिंग स्वस्त असतं, पण डोंगरात ते सुटलं की शाफ्ट, पुली आणि कधी कधी चेनकेस (ट्रॅक फिरवणाऱ्या चेनचा डबा) असा सगळा संसार सोबत घेऊन जातं. चेनकेसचं तेल काढायला विकणारा तयार असेल तर चुंबकाच्या बुचावर काय चिकटलंय ते बघा. राखाडी लेप ठीक, कपचे नाहीत. पोलारिसच्या २०१३पासूनच्या अनेक आरएमके, म्हणजे माउंटन मॉडेलांमध्ये चेनऐवजी दातेरी बेल्ट आहे. तिथे तेल नाही, दात मोजायचे.

एवढं सगळं पास झालं तरच इंजिन. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा एक्झॉस्टला हात लावा. गरम लागला तर त्याने थंड इंजिनाची काही तरी खोड लपवलेली असू शकते. थंड इंजिन दोन-तीन ओढीत सुरू व्हायला हवं. मग थोडं गरम करा, बंद करा, दोन्ही प्लग काढा आणि कॉम्प्रेशन मोजा: इग्निशन तोडलेलं, थ्रॉटल पूर्ण उघडा, पाच-सहा दमदार ओढी. आकडा किती यापेक्षा दोन्ही सिलिंडर सारखे आहेत का, हे महत्त्वाचं. दहा टक्क्यांहून जास्त फरक म्हणजे एका बाजूला काही तरी झिजलंय किंवा खरवडलंय. आकडा वाचताना उंची विसरू नका. समुद्रसपाटीला १२५ पीएसआय दाखवणारं इंजिन ८,००० फुटांवर नव्वदीच्या घरात दिसतं आणि ते तब्येतीने ठणठणीत असतं. या एका गोष्टीच्या अज्ञानावर किती तरी सौदे उगाच मोडतात.

कॉम्प्रेशन चांगलं म्हणजे इंजिन चांगलं, असं मात्र नाही. एक्झॉस्टच्या स्प्रिंगा सोडवून मॅनिफोल्ड बाजूला केला की पोर्टमधून पिस्टनचा रिंगखालचा भाग दिसतो. बोअरस्कोप, म्हणजे आत बघायचा बारीक कॅमेरा, आता पन्नासेक डॉलरात मिळतो, तो प्लगच्या भोकातून घाला. उभे ओरखडे म्हणजे कधी तरी थंड इंजिनावर थ्रॉटल दाबलेला आहे: पिस्टन लवकर फुगतो, बाहेरचा सिलिंडर फुगायला वेळ घेतो, आणि दोघं घासतात. पिस्टनच्या माथ्यावर वाळू मारल्यासारखे खळगे दिसले तर डिटोनेशन, म्हणजे पेट्रोल नीट जळण्याऐवजी आत स्फोटासारखं फुटलेलं आहे. एकाच बाजूचा सिलिंडर जळकट असेल तर त्या बाजूच्या क्रँक सीलमधून हवा आत येत असण्याची शक्यता धरा, मिश्रण पातळ होतं आणि तेवढाच पिस्टन भाजतो. नवी पिस्टनं टाकल्याची पावती दाखवणाऱ्याला म्हणूनच विचारायचं: का टाकली? ‘काळजी म्हणून’ हे चांगलं उत्तर आहे. ‘एक गेला म्हणून’ असेल, तर मूळ कारण शोधलं का? सील बदलले का? नाही तर नवा पिस्टनही त्याच वाटेने जाणार.

मैलांचा आकडा दोन्हीकडून फसवतो. दोन हजार मैल नीट तेल, नीट पेट्रोल घालून चालवलेली स्लेड एक वेळ घ्यावी, पण सहा वर्षांत चारशे मैल झालेली नीट तपासल्याशिवाय नाही. दोन-स्ट्रोकच्या क्रँकची बेअरिंग तेलाच्या टाकीत बुडालेली नसतात, इंजिन फिरतं तेव्हाच त्यांना तेल मिळतं. उन्हाळेच्या उन्हाळे ओलसर शेडमध्ये पडून राहिलं की त्यांच्यावर गंज धरतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल टाकीत राहून इंजेक्टर चिकटतात, आणि एअरबॉक्समध्ये उंदीर घरटी करतात. हे शेवटचं विनोदी वाटतं, पण इंजिन सुरू झाल्यावर त्या घरट्याचा कापूस कुठे जातो याचा विचार करा.

डीलरकडे नेता आली तर शंभरेक डॉलर खर्चून संगणकाला जोडून घ्या. इंजिन किती तास चाललं, किती वेळा तापलं, कोणते दोष नोंदले गेले, ते त्यात मिळतं. व्हीआयएनवरून बाकी राहिलेले रिकॉलही तिथेच कळतात. त्या क्रमांकातलं दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं: एच म्हणजे २०१७, के म्हणजे २०१९, एन म्हणजे २०२२. कागदावर कर्जाचा बोजा नाही ना, हेही बघा. नोंदणीचे नियम प्रत्येक राज्यात आणि प्रांतात निराळे.

कंपन्यांवरून भांडणारे भांडोत. थोडक्यात: पोलारिसची २००८ ते २०१०ची ८०० इंजिनं पिस्टनसाठी बदनाम आहेत, दुरुस्तीचा पुरावा नसेल तर हात लावू नये. २०१६पासूनची अॅक्सिस चासी अजूनही झाडांत फार गोड वळते. स्की-डूचं ८५० ई-टेक २०१७ला आलं. कमी पेट्रोल, कमी धूर, आणि २०१८पासून काही मॉडेल्सवर जड बॅटरीविना बटणाने सुरू होणारी शॉट यंत्रणा. आर्क्टिक कॅटच्या सुझुकी ८०० इंजिनाचं नाव चांगलं आहे, २०१७पर्यंतच्या एम मालिकेत ते मिळतं. कंपनीचं उत्पादन मध्यंतरी थांबलं होतं, २०२५मध्ये ती नव्या मालकांकडे गेली. यामाहाने तर २०२५च्या मॉडेलनंतर हा धंदाच बंद केला. त्यामुळे या दोन्हींच्या बाबतीत जवळचा डीलर अजून दुकान चालवतोय का, हे आधी बघावं. इंजिन कितीही चांगलं असलं तरी फेब्रुवारीत भाग मिळाला नाही तर ती स्लेड गॅरेजचं सामान आहे.

खरेदीचा काळ मार्च-एप्रिल. नव्या मॉडेलची मागणी वसंतात नोंदवली जाते, नोंदवणाऱ्याला जुनी खपवायची असते. ऑक्टोबरमध्ये पहिलं हिम पडलं की तीच स्लेड महाग होते. वसंतात घेण्याचा आणखी एक लाभ असा की ती हिमावर चालवून बघता येते. पूर्ण थ्रॉटलवर इंजिन कंपनीने दिलेल्या आकड्याला, बहुतेक ८५०मध्ये आठ हजार आरपीएमच्या आसपास, पोचून तिथेच थांबायला हवं. तीन-चारशे कमी पडत असतील तर क्लचची वजनं त्या उंचीसाठी जड आहेत, किंवा बेल्ट झिजलाय, किंवा इंजिनच दमलंय. कोलोरॅडोची स्लेड रेव्हलस्टोकला आणली तर उलटं होतं, हलक्या वजनांमुळे आरपीएम वर पळतो. तो दोष नव्हे, वजनं बदलायची.

बजेटचा शेवटचा हजार-दीड हजार डॉलर स्लेडवर लावू नये. त्यातून घ्यावा तीन अँटेनांचा ट्रान्ससीव्हर (गाडलेल्याचा सिग्नल शोधणारं यंत्र), किमान २४० सेंटीमीटरचा प्रोब (हिमात खुपसून शोधायची काठी) आणि धातूचं फावडं, तेही पाठीवरच्या पिशवीत, टनेलवर नव्हे. हिमस्खलनात माणूस आणि स्लेड वेगळे होतात. २८ डिसेंबर २००८ला ब्रिटिश कोलंबियातल्या फर्नीजवळ हार्वे खिंडीत आठ स्नोमोबाइलस्वार मृत्युमुखी पडले. पहिल्या स्खलनात गाडलेल्यांना काढायला आलेल्यांवर दुसरं स्खलन कोसळलं होतं. आजची स्लेड जुन्या काळी ज्या उतारांपर्यंत पोचताच येत नव्हतं तिथे सहज नेते, आणि ३० ते ४५ अंशांच्या त्या उतारांवरूनच हिम सुटतं. बरीच वर्षं दूर राहिलेल्याने हिमस्खलन-सुरक्षेचा कोर्स पुन्हा करावा, हिवाळ्यात रोज सकाळी अॅव्हलांच कॅनडाचं किंवा त्या राज्याच्या केंद्राचं भाकीत वाचावं. शोध घेताना इंजिन बंद ठेवायचं आणि फोन ट्रान्ससीव्हरपासून किमान अर्धा मीटर लांब. दोन्हींमुळे सिग्नलमध्ये गडबड होते.

घरी आणल्यावर, पहिल्या फेरीआधी, चेनकेसचं तेल, दोन्ही प्लग आणि बेल्ट बदला. काढलेला बेल्ट बरा असेल तर सुटा म्हणून ठेवा. नवा बेल्ट पहिले ३० मैल जोर न लावता चालवायचा. त्या दिवशी संध्याकाळी ट्रॅकचा ताण आणि बल्कहेडचे सगळे बोल्ट पुन्हा तपासा, टॉर्क रेंचने.